यादी दुष्काळातली, म्हातारपण रोजचं

म्हाताऱ्या माणसाला उठवून बसवणं, त्याचं औषधपाणी बघणं, अंथरूण बदलणं ही कामं घरच्यांची; त्यात सरकारला ओढायची रीत विलायतेतली, ती आपल्याकडे रुजायची नाही, असं मत वऱ्हाडात मोठ्या विश्वासाने मांडलं जातं. बडनेऱ्यासारख्या जंक्शनच्या गावात, जिथली तरुण पोरं पुण्यामुंबईच्या गाड्यांत बसून गेली आणि मागे आईबाप उरले, तिथेही हे मत टिकून आहे. ते मांडणारे इतिहासाचा हवाला देतात. पण वऱ्हाडचा इतिहास उलगडून पाहिला तर तो त्यांच्या बाजूने बोलत नाही. सरकार इथल्या म्हाताऱ्यांच्या दारापर्यंत सव्वाशे वर्षांपूर्वीच येऊन गेलं आहे, हातात यादी घेऊन. पुढेही ते अनेकदा आलं. दर वेळी संकट सरलं की यादी गुंडाळली गेली. घरपोच मदत कशी करायची हे इथल्या शासनाला कधीच नवं नव्हतं. संकट नसतानाही म्हातारपण हे घरपोच मदतीला पुरेसं कारण आहे, एवढीच गोष्ट कोणत्याही राजवटीने कायद्यात आणि अंदाजपत्रकात मान्य केली नाही, असं माझं म्हणणं आहे.

पहिला पुरावा दुष्काळाचा. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर १८८३ मध्ये इंग्रज सरकारने दुष्काळसंहितेचा एक नमुना तयार केला आणि त्यावरून प्रांतोप्रांतीच्या संहिता बनल्या. खडी फोडण्याच्या, तलाव खोदण्याच्या कामावर जे येऊ शकत नाहीत त्यांना काम न घेता मदत द्यावी, असं त्यात एक प्रकरण होतं. पात्र कोण, तेही लिहिलेलं होतं: वेडे, पांगळे, आंधळे, वयामुळे किंवा अशक्तपणामुळे कमावू न शकणारे, रिवाजामुळे घराबाहेर न पडणाऱ्या बायका. याच यादीत आणखी एक वर्ग होता आणि त्याच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलेलं नाही. घरातल्या आजाऱ्याजवळ, दुबळ्याजवळ किंवा तान्ह्या मुलाजवळ ज्यांनी थांबणं अगदी आवश्यक आहे, अशा माणसांनाही ही मदत लागू होती. शुश्रूषा हे काम आहे, ते करणाऱ्याची मजुरी बुडते, आणि ती बुडाली तर भरपाई करणं सरकारचं कर्तव्य आहे, हे तत्त्व १८८३ च्या कागदावर आहे. आज महाराष्ट्रात खाटेवरच्या सासूजवळ थांबावं लागतं म्हणून कामाला जाऊ न शकणाऱ्या सुनेला त्या कारणासाठी पैसे देणारी एकही सर्वसाधारण योजना नाही. एकशेचाळीस वर्षांत या एका मुद्द्यावर आपण मागे आलो आहोत.

वऱ्हाडात ही संहिता खरी कसाला लागली १८९९-१९०० मध्ये. काळ्या मातीच्या, कपाशीच्या या सुपीक मुलखाला दुष्काळ शिवत नाही असा तोवर अधिकाऱ्यांचा समज होता. १८९९ चा पाऊस दगा देऊन गेला आणि तो समज मोडला. कामं निघाली, अन्नछत्रं उघडली, आणि गावोगाव पाटील-पटवाऱ्यांनी घरबसल्या मदतीच्या याद्या केल्या. मंडळावर नेमलेल्या अधिकाऱ्याने फिरून त्या तपासायच्या, नावं घालायची, काढायची. शिजवलेलं अन्न दुसऱ्या जातीच्या हातून घ्यायला अनेक घरं तयार नसत, म्हणून काहींना कोरडं धान्य किंवा पैसे घरीच पोचवावे लागत. या व्यवस्थेत कंजूषपणा होता, वशिला होता, यादीत नाव लागेपर्यंत माणसं मरत होती. त्या वर्षाचं वऱ्हाडातलं मृत्यूंचं प्रमाण पाहिलं तर कोणी तिला दयाळू म्हणणार नाही. तरी एक गोष्ट सिद्ध होते. गावात कमावू न शकणारे म्हातारे कोण, ते कोणत्या घरात राहतात, त्यांच्याजवळ बघायला कोण आहे, ही माहिती गावपातळीवरचा माणूस गोळा करू शकतो आणि तिच्यावर महिनोन्‌महिने मदत चालवता येते. १९०० चा पावसाळा बरा झाला, कामं बंद झाली, याद्याही बंद झाल्या.

वसाहती सरकारच्या दुष्काळी भिकेला आजच्या सेवेचा पूर्वज म्हणणं योग्य आहे का, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो वाजवी आहे. त्या संहितेचा हेतू माणूस जगवणं हा होता, तोही कमीत कमी खर्चात. म्हाताऱ्याचं जगणं सुसह्य व्हावं हा विचार तिथे नव्हता. पण मी तिचा गौरव करत नाही. मी तिच्याकडे प्रशासनाचा पुरावा म्हणून पाहतो. इतकं कंजूष, परकं, लोकांना उत्तर न देणारं सरकार जे काम पाटील-पटवाऱ्याकरवी उभं करू शकलं, ते निवडून आलेल्या महापालिकेला अशक्य आहे असं म्हणायचं असेल तर त्याची कारणं दाखवावी लागतील. त्या काळाचा दुसरा सरकारी कागद म्हणजे कोतवाल बुक. जन्ममृत्यूची ही गावनोंद वऱ्हाडात आजही जिवंत आहे, कारण जातपडताळणीसाठी आजोबा-पणजोबांच्या नोंदी शोधत लोक तहसिलीत खेटे घालतात. सार्वजनिक आरोग्याची गावातली मूळ वही हीच होती. तिच्यात माणूस दोनदा येतो, जन्मला तेव्हा आणि गेला तेव्हा. मधल्या काळात त्याला आरोग्यखात्याच्या वहीत जागा मिळायची तर देवी, पटकी किंवा प्लेग व्हावा लागे.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. एकत्र कुटुंब होतं, म्हातारे सुखात होते, सरकारची गरजच नव्हती, असं म्हणतात. या चित्रात दोन गोष्टी सुटतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात जन्मणाऱ्याचं सरासरी आयुर्मान जेमतेम तेवीस वर्षांचं होतं. या आकड्यावरून म्हातारे नव्हतेच असं समजू नये. तो आकडा बालमृत्यूंनी खाली ओढला होता, आणि साठी ओलांडलेली माणसं लोकसंख्येत विसात एक या प्रमाणात होती. पण ज्या घरात म्हातारा होता तिथे त्याला बघणारी मधली पिढी टिकेलच याची काही शाश्वती नव्हती. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हे क्रूरपणे दाखवलं. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा त्या साथीत देशातल्या सर्वांत होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता, आणि साथीने विशेष करून वीस ते चाळीस वयाची माणसं नेली, त्यांत बाया जास्त. म्हणजे पाणी भरणारी, भाकरी थापणारी, म्हाताऱ्याला न्हाऊ घालणारी माणसंच गेली आणि म्हातारी व पोरं मागे राहिली. ज्या कुटुंबाला आपण भक्कम संस्था समजतो ते एका हंगामात असं पोकळ होऊ शकत होतं. सुटलेली दुसरी गोष्ट अशी की कुटुंबाने केलं याचा अर्थ घरातल्या बायांनी केलं, आणि त्यातही विधवा नणंद, माहेरी परतलेली आत्या, धाकटी सून यांनी. त्यांना ना मजुरी, ना सुट्टी, ना नकार देण्याचा हक्क. त्या म्हाताऱ्या झाल्यावर त्यांना कोण बघणार, याचं उत्तर एकत्र कुटुंबाच्या गौरवगाथेत सापडत नाही.

शिवाय कुटुंबाबाहेरच्या माणसांनी म्हाताऱ्याची सेवा करणं हे या मातीला परकं आहे, हेही खरं नाही. अमरावती जिल्ह्यातलंच रिद्धपूर घ्या. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गेल्यानंतर त्यांचे अनुयायी नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा ही मंडळी तिथे चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत येऊन राहिली. म्हाइंभटांनी लिहिलेल्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात त्यांचं खाणं, न्हाणं, फिरणं, रुसणं, लहरी आणि शेवटचं आजारपण इतक्या बारकाईने आलं आहे की थकलेल्या माणसाजवळ रोज वावरणाऱ्यांनाच ते सुचावं. हे भक्त होते आणि ज्याची सेवा करत होते त्याला ते ईश्वर मानत, हा फरक मोठाच आहे. त्यावरून गावातल्या साध्या म्हातारीलाही तशी सेवा मिळत होती असं म्हणता येणार नाही. पण रक्ताचं नातं नसलेल्या माणसांनी, त्यात बायकाही, एका वृद्ध देहाची देखभाल हे आपलं काम मानलं आणि ते लिहून ठेवण्याइतकं मोलाचं समजलं, याचा इतका जुना मराठी पुरावा वऱ्हाडातच आहे.

पुढच्या काळातही हा धागा तुटला नाही. शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी ऋणमोचनापासून पंढरपुरापर्यंत जे उभं केलं त्यात धर्मशाळा होत्या, सदावर्तं होती, आंधळ्यापांगळ्यांच्या जेवणाची सोय होती, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा होता. रुग्णाबरोबर येणाऱ्या माणसाचीही काळजी घ्यावी लागते हे ओळखणाऱ्या त्या द्रष्टेपणाला आरोग्यव्यवस्थेच्या इतिहासात अजून हवं तसं स्थान मिळालेलं नाही. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीजवळ तपोवन उभारलं ते महारोग्यांसाठी. घरच्यांनी टाकलेल्या माणसांना हात लावणं हेच तेव्हा धाडस होतं. अशा वसाहतींत पुढे काय होतं हे म्हातारपणाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. औषधं आली, १९८२ पासून बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होऊ लागला, पण बरा झालेला माणूस घरी परतू शकला नाही आणि तिथेच म्हातारा झाला. रोगासाठी काढलेली संस्था हळूहळू वृद्धांचं घर बनते, ते अशी. समाजाने टाकलेल्यांसाठी वऱ्हाडने मोठी माणसं दिली आणि मोठ्या संस्था दिल्या. त्यांची मर्यादा एकच की त्या सगळ्यांत म्हाताऱ्याला घर सोडून यावं लागतं. ज्याला टाकलेलं नाही, जो आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर आहे आणि ज्याच्या दोन्ही पायांतलं बळ गेलं आहे, त्याच्यापर्यंत धर्मशाळा पोचत नाही आणि वृद्धाश्रमही नाही.

बडनेऱ्याचा स्वतःचा इतिहास इथे फार बोलका आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली ती बडनेऱ्यावरून. अमरावतीचा कापूस आधी इथे येऊन गाडीत चढे, आणि १८७१ मध्ये अमरावतीपर्यंत छोटी शाखा निघाली. जिनिंग-प्रेसिंग आले, कापडगिरणी आली, रेल्वेची वस्ती आली. त्याबरोबर वऱ्हाडच्या शेतकरी गावांत नसलेली एक गोष्ट आली: नोकरीतून निवृत्त होणारा माणूस. शेतकरी निवृत्त होत नाही, तो हळूहळू बांधावरून ओसरीवर येतो. कामगाराला एका ठरलेल्या दिवशी घरी पाठवलं जातं. रेल्वेने आपल्या माणसांसाठी दवाखाने काढले, आधी भविष्यनिर्वाह निधी आणि १९५७ पासून निवृत्तिवेतन दिलं, निवृत्तांनाही औषधोपचाराची सोय ठेवली. वृद्धत्वाची जबाबदारी मालकाने घ्यायची, याचा या भागातला हा सर्वांत भरीव नमुना, आणि तो कमी लेखता कामा नये. हातात पेन्शन असलेल्या म्हाताऱ्याचा घरातला मान वेगळा असतो. पण ही सोयही दवाखान्याच्या दारात संपते. बडनेरा भुसावळ विभागात येतं आणि विभागाचं मोठं रुग्णालय आहे भुसावळला, रेल्वेने सुमारे २२० किलोमीटरवर. ज्याला खाटेवरून उठून मोरीपर्यंत जाता येत नाही त्याच्यासाठी ते अंतर आणि विलायतेचं अंतर सारखंच. गिरणीकामगाराची स्थिती याहून वाईट झाली. इथली विजय मिल बंद पडली, चाळी उरल्या. खासगी नोकरीतल्या निवृत्तांना भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून मिळणारं किमान पेन्शन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरलं आणि तिथेच थांबलं. त्याविरुद्ध देशभर झालेल्या वृद्धांच्या आंदोलनाचं एक मुख्य ठाणं आपल्याच वऱ्हाडात, बुलडाण्यात होतं.

ज्या रेल्वेने हे सगळं आणलं तिनेच पुढे मुलं नेली. शेती तोट्यात, गिरणी बंद, म्हणून पुण्याला कंपनीत, मुंबईला नोकरीत. मुलांनी आईबापांना टाकलं असा यावर घाईने ठपका ठेवला जातो, आणि २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदाही मुख्यतः त्याच समजुतीवर उभा आहे: मुलावर दावा करा, पोटगी मिळवा. ज्यांची मुलं खरोखरच छळतात त्यांना त्याचा उपयोग आहे. पण बडनेऱ्याला दर महिन्याला पैसे पाठवणारा मुलगा जेव्हा आईला सकाळी अंथरुणातून उठवायला तिथे नसतो, तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर न्यायाधिकरणात नसतं. ते शेजारच्या गल्लीत असायला हवं.

त्या गल्लीत शासन कधी आलंच नाही का? अनेकदा आलं. देवी काढणारा टीकेदार घरोघर फिरला, लोकांनी त्याला आधी हाकललं, मग स्वीकारलं, आणि १९७५ नंतर देशात देवीचा रोगी उरला नाही. हिवतापाच्या मोहिमेत कर्मचारी दर पंधरवड्याला घरी येऊन तापाची चौकशी करत आणि भिंतीवर तारीख टाकून जात. खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर त्या खुणा वर्षानुवर्षं होत्या. कुष्ठरोग शोधायला लोक घरात शिरले, पोलिओचे थेंब पाजायला शिरले. सर्वांत मोठं उदाहरण विदर्भातलंच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाची काळजी घरातच कशी घेता येते हे दाखवलं. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि २०११ मध्ये ती पद्धत देशभरच्या आशा स्वयंसेविकांच्या कामाचा भाग झाली. आज बडनेऱ्यात बाळंतीण घरी आली की आशाताई ठरलेल्या दिवशी दारात उभी राहते, बाळाचं वजन करते, ताप बघते. त्याच घरात पलीकडच्या खोलीत आजी पडून असेल, पाठीला जखम झाली असेल, तरी तिच्यासाठी ठरलेला दिवस नाही. घरात शिरण्याचं ज्ञान आहे, माणूस आहे, लोकांचा विश्वास आहे. आजी त्या कार्यक्रमात नाही, म्हणून तिच्याकडे बघणं राहून जातं.

ती का नाही, याचं उत्तर कायद्याच्या रचनेत शोधावं लागतं. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात वार्धक्यात साहाय्य मिळण्याचा उल्लेख आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व. त्यावर न्यायालयात जाता येत नाही. ७४ व्या दुरुस्तीने बारावं परिशिष्ट आणलं आणि त्यात शहरांच्या अठरा कामांची यादी दिली. सार्वजनिक आरोग्य तिथे आहे, दुर्बल घटकांचं हितरक्षण आहे, त्यात अपंग आणि मतिमंद यांचा नावाने उल्लेख आहे. वृद्धांचा नाही. १८८३ च्या यादीत वयाचा उल्लेख होता आणि १९९२ च्या यादीत तो गळला, हा योगायोग असेल, पण त्याचे परिणाम योगायोगाचे नाहीत. महापालिकेच्या अंदाजपत्रकात ज्या कामाला शीर्षक नसतं त्याला पैसे मिळत नाहीत. त्यात बडनेऱ्याची अडचण दुहेरी. १९८३ मध्ये अमरावती महापालिका झाली आणि बडनेऱ्याची स्वतंत्र नगरपालिका तिच्यात विलीन झाली. मोठ्या संस्थेत गेल्याने काही लाभ झाले असतील, पण आरोग्याचा निर्णय दहा किलोमीटर दूर गेला. २०१०-११ मध्ये केंद्राने वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याचा दवाखाना आणि उपकेंद्राच्या कर्मचाऱ्याने अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेट द्यावी, घरच्यांना शुश्रूषा शिकवावी, असंही स्पष्ट लिहिलं आहे. कागदावर याहून चांगलं काय हवं? पण ही सगळी शिडी खेड्याच्या रचनेवर बेतलेली आहे. शहराच्या हद्दीत घेतलेल्या बडनेऱ्याला उपकेंद्र नाही, आणि शहरी आरोग्य केंद्राच्या मुख्य कामात बाळंतपण आणि लसीकरणच पुढे असतं.

बाकी ज्या सवलती आल्या त्या बहुतेक चालत्याफिरत्या म्हाताऱ्यासाठी. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी मोफत झाली. लोकांना ती आवडली आणि आवडायलाच हवी. सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४ पासून पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचं आयुष्मान कार्ड मिळतं, पण ते दाखल होणाऱ्याला. १९८० पासून संजय गांधी निराधार योजना आहे, पुढे श्रावणबाळ आली, आणि दोन्हींची रक्कम २०२३ मध्ये महिना १,५०० रुपये झाली. निराधारचा पगार आला का, हा प्रश्न बँकेच्या ओट्यावर रोज ऐकू येतो, आणि त्या पैशाने कित्येक म्हाताऱ्यांना घरात दोन शब्द बोलायची हिंमत दिली आहे. पण दिवसाला पन्नास रुपयांत मदतनीस ठेवता येत नाही. उलट तो पैसा चालू ठेवण्यासाठी हयातीचा दाखला लागतो, म्हणजे ज्याला उठता येत नाही त्यानेच आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं. शासनाने त्याच्या घरी जायला हवं तिथे तोच रिक्षात घालून शासनाकडे नेला जातो.

२०२० मध्ये करोना आला तेव्हा सगळं पुन्हा एकदा घडलं, आणि १९०० च्या घटनाक्रमाशी त्याचं साम्य पाहून थक्क व्हायला होतं. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. दोन-तीन जणांची पथकं राज्यभर घरोघर गेली. ताप मोजला, बोटाला ऑक्सिमीटर लावला, मधुमेह, रक्तदाब, किडनीचे विकार असलेल्यांची नावं लिहिली. साठीपुढच्या आजारी माणसांची इतकी मोठी घरनिहाय यादी महाराष्ट्रात त्याआधी झाली नसावी. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल ज्या जिल्ह्यांत आधी लागली त्यांत अमरावती पुढे होता आणि इथे पुन्हा टाळेबंदी लागली. लस आली तेव्हा खाटेवरच्यांना ती घरी द्यावी की नाही यावर महिनोन्‌महिने खल झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेलं, आणि अखेर घरी जाऊन लस देण्यात आली. देता येते हे सिद्ध झालं. साथ ओसरली, आणि ती यादी कोणत्या कामाला आली? त्या नावांपैकी कोणाकडे दर महिन्याला रक्तदाब मोजायला कोणी गेलं असतं तर १८९९ पासून अडलेला गाडा एक पाऊल पुढे सरकला असता.

पैसा कुठून आणणार, हा आक्षेप उरतो आणि तो टाळण्यासारखा नाही. इंग्लंडचं उदाहरण दिलं की ते श्रीमंत होते असं उत्तर मिळतं. तिथलाही क्रम पाहण्यासारखा आहे: १९१८ मध्ये घरमदत सुरू झाली ती बाळंतिणींसाठी, युद्धकाळात ती वृद्धांपर्यंत आली, १९४६ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना तशी मुभा मिळाली आणि १९६८ च्या कायद्याने ते कर्तव्य ठरलं. मुभा ते कर्तव्य या प्रवासाला त्या श्रीमंत देशालाही वीसेक वर्षं लागली. पण इंग्लंड सोडून देऊ. केरळ काही आपल्याहून मोठ्या उद्योगांचं राज्य नाही. कोळिकोडला १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं, मोहल्ल्यातली माणसं जोडली, आणि २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं. आज तिथल्या जवळपास प्रत्येक ग्रामपंचायतीत घरी जाणारी परिचारिका आहे, पंचायतीच्या निधीतून. अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसाला थोडी मासिक मदत देणारी योजनाही तिथे आहे, म्हणजे १८८३ च्या संहितेतला तो विसरलेला वर्ग केरळने परत यादीत घेतला. यात महागडी यंत्रं नाहीत. जखमेची पट्टी, लघवीची नळी, पाण्याची गादी, वेदनेचं औषध आणि ठरलेली घरफेरी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ९.९ टक्के लोक साठीपुढचे होते, देशाच्या सरासरीहून अधिक. ज्या राज्यात दहात एक माणूस ज्येष्ठ आहे त्या राज्याला हा खर्च परवडत नाही असं म्हणताना, तो न केल्याने रुग्णालयातल्या खाटांवर आणि बुडालेल्या मजुरीवर किती खर्च होतो हेही मांडायला हवं.

शेवटचा आक्षेप सर्वांत खोल आहे: आमची म्हातारी परक्याचा हात लावून घेणार नाही. जात, सोवळं, लाज, सगळंच त्यात आहे. ते खोटं नाही. पण ज्या घरांना परवडतं तिथे आज ब्यूरोतून बाई येते, तिला मावशी म्हणतात, तिच्या हातचं खातात, तिच्याकडून आंघोळ करून घेतात, आणि काही महिन्यांत तिच्याशिवाय पान हलत नाही. नकार पैशाबरोबर विरघळतो, याचा अर्थ तो निव्वळ संस्कृतीचा नव्हता. मात्र या आक्षेपामागे एक वेगळी काळजी दडलेली आहे आणि ती मला जास्त खरी वाटते. हे काम कोण करणार? आशाताई? ती आधीच मानधनावर राबते, सरकारी कर्मचारी म्हणून मान्यता मागत मोर्चे काढते, आणि प्रत्येक नवी मोहीम तिच्याच वहीत येते. वृद्धांच्या घरभेटी तिच्या कामात आणखी एक रकाना म्हणून घातल्या तर जे ओझं सुनेच्या डोक्यावर फुकट होतं ते आशाच्या डोक्यावर जवळपास फुकट जाईल, एवढाच फरक पडेल. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीला आणि नव्या वस्तीला स्वतंत्र पदं लागतील: घरी जाणारी परिचारिका, आठवड्यातून फिरणारा फिजिओथेरपिस्ट, आणि शिकवून तयार केलेल्या, किमान वेतन, रजा आणि भविष्यनिर्वाह निधी असलेल्या मदतनीस, ज्यांत बायांबरोबर पुरुषही असावेत, कारण अंगाने जड म्हाताऱ्याला उचलणं हे एकट्या बाईचं काम नाही. आणि या पदांचा पगार महापालिकेच्या अंदाजपत्रकात कायम शीर्षकाखाली लागेल, मोहिमेच्या निधीतून नव्हे.